‘नाळे बा’ आणि आपण



आपल्या लोकांत एक वाक्य फार चालतं. ‘ती कानडी युनिव्हर्सिटी, आपल्याला काय करायचंय?’ माणिकनगरला दत्तजयंतीला गेलो की ऐकू येतं, गाणगापूरला बसमध्ये ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. म्हणणारा बहुधा माझ्याच वयाचा, पेन्शनर, एक मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला नाहीतर अमेरिकेत. स्वतःचं सगळं नीट लागलेलं. मी आजवर हसून सोडून देत होतो. आता सोडणार नाही. कडू वाटेल, पण वाचा.

विद्यापीठ ‘त्यांचं’ कधीपासून झालं हो? आपल्या भागाचा हिशेब मांडून बघा. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून मॅट्रिक झाले, तेव्हा आपलं विद्यापीठ म्हणजे हैद्राबादचं उस्मानिया, १९१८ सालचं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं मांडली गेली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. आपण भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याणवाले म्हैसुरात आलो. एकाच घरातली सोयरीक दोन राज्यांत. तिकडच्यांना १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ मिळालं, आपण धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडले गेलो. माझ्या बी.कॉम.च्या सर्टिफिकेटावर धारवाडचाच शिक्का आहे, धारवाड मात्र मी नोकरीत बदली झाल्यावर पहिल्यांदा बघितलं. १९८० ला गुलबर्गा विद्यापीठ झालं. १९९४ ला नांदेडला विद्यापीठ झालं आणि त्याला नाव दिलं स्वामी रामानंद तीर्थांचं. स्वामीजींचा जन्म सिंदगीचा, म्हणजे आजच्या विजयपूर जिल्ह्यातला, आणि १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले ते गुलबर्ग्यातून! आणि २०२३ ला बीदरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. आता सांगा, यातलं कुठलं आपलं आणि कुठलं परक्याचं? पोरं तर आपलीच शिकतायत. पुण्याला सगळ्यांची जात नाहीत. ज्यांच्या बापाला चार एकर कोरडवाहू आहे, ज्यांच्या आईचं शिलाई मशीन आहे, ती मराठी पोरं आजही इथल्याच डिग्री कॉलेजात बसतात. लग्नाच्या पंगतीत त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, एवढंच.

मी १९७० च्या आसपास गुलबर्ग्याला शिकत होतो. आमच्या अकाउंटन्सीच्या सरांचं एक होतं. दुपारी शेवटचा तास संपला की ते स्टाफरूमच्या बाहेरच्या बाकावर बसायचे, पाऊण तास. कोणीही यावं, काहीही विचारावं. फीची सवलत, स्कॉलरशिपचा फॉर्म, बँकेची परीक्षा कधी आहे, सी.ए.ला जावं का, घरी पैसे नाहीत तर काय करावं. सर मूळचे कानडी, पण मराठी पोराला मराठीत, मुसलमान पोराला दख्खनीत सांगायचे. त्यांना माहीत नसलं तर ‘परवा ये’ म्हणायचे आणि परवा खरंच उत्तर तयार असायचं. ही काही माया-ममतेची गोष्ट म्हणून सांगत नाही. सरांना उत्तर देता यायचं, कारण ते नोकरीत कायम होते, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळात बसून आलेले होते, आणि नियम का केला, त्याला फट कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होतं. ज्याला निर्णयात जागा असते, त्यालाच सल्ला देता येतो. बाकीचे फक्त सर्क्युलर वाचून दाखवतात.

आता आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं ऐका. नाव सांगत नाही, कॉलेजही सांगत नाही. २०२१ ला ती बी.कॉम.ला गेली. त्याच वर्षी नवीन शिक्षण धोरण देशात सगळ्यात आधी लागू करायचा मान कर्नाटकानं मिळवला. डिग्री चार वर्षांची; तीन वर्षांनी बाहेर पडलात तर साधी पदवी, चौथं केलंत तर ऑनर्स आणि मग एम.कॉम. एकाच वर्षात. २०२४ च्या मे महिन्यात सरकारनं हुकूम काढला की ते राहू द्या, पुन्हा तीनच वर्षांची डिग्री. हे झालं सुखदेव थोरात यांच्या आयोगाच्या अंतरिम अहवालावरून. थोरात आपले महाराष्ट्रातलेच, विद्वान माणूस, त्यांच्याशी माझं भांडण नाही. आधीच्या तीन बॅचेसना जुनी योजना चालू राहील, चौथं वर्ष ज्याला हवं त्यानं करावं, असंही ठरलं. कागदावर सगळं ठीक.

मुलीचा प्रश्न सरळ होता. माझ्या कॉलेजात चौथं वर्ष सुरू होणार का? नसेल तर मी आत्ताच नांदेडला एम.कॉम.ला फॉर्म भरते. एका वाक्यात उत्तर द्यायचं होतं, हो किंवा नाही. जून गेला, जुलै गेला. खिडकीवरचा माणूस म्हणायचा, ‘सर्क्युलर बंदिल्ला. नाळे बन्नी.’ सर्क्युलर आलं नाही, उद्या या. तुम्हाला आठवत असेल, मागे एकदा भुताची अफवा उठली होती, तेव्हा कर्नाटकात लोकांनी घराच्या दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवलं होतं, म्हणजे भूत वाचून परत जाईल आणि रोज उद्यावर ढकललं जाईल. आपल्या शिक्षणखात्यानं ती युक्ती पोरांवर चालवलीय. शेवटी कळलं, चौथं वर्ष होणार नाही. तोवर नांदेडची मुदत गेली होती. एक वर्ष घरी. आणि आपल्याकडे एकविसाव्या वर्षी मुलगी एक वर्ष घरी बसली की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. स्थळं यायला लागतात.

मी तिच्यासोबत कॉलेजात गेलो. छत्तीस वर्षं बँकेत काढली, रजिस्टर बघायची सवय जात नाही. म्हटलं, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारा कोणी नेमलेला असेल ना? आहे म्हणाले. ‘मेंटॉर’ आहेत, प्रत्येक शिक्षकाकडे अमुक मुलं, नॅकची कमिटी येते तेव्हा दाखवावं लागतं. रजिस्टर दाखवलं. मुलीच्या नावापुढे वर्षातून तीन नोंदी, प्रत्येक नोंदीपुढे ‘समुपदेशन केले’, आणि तिची सही. तिन्ही सह्या एकाच दिवशी एकाच पेनानं घेतलेल्या. मुलगी म्हणाली, ‘काका, सगळ्यांच्याच घेतल्या, रांगेत उभं करून.’ बँकेत इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री असली रजिस्टरं भरलेली मी पुष्कळ पाहिलीत. पण तिथे निदान खातेदाराची सही आम्ही रांगेत उभं करून घेत नव्हतो!

त्या मेंटॉरबाई भेटल्या. पस्तिशीच्या, पीएच.डी. झालेल्या, अतिथी उपन्यासक. मी रागानंच गेलो होतो. पाच मिनिटांत राग गेला. बाई म्हणाल्या, ‘सर, मलाच पुढच्या सेमिस्टरला बोलावतील का माहीत नाही, मी तिला काय सांगू?’ कर्नाटकातल्या सरकारी डिग्री कॉलेजांत असे दहा हजारांहून जास्त अतिथी उपन्यासक आहेत. वर्षानुवर्षं महिना अकरा-तेरा हजारांवर शिकवत होते. २०२२ च्या जानेवारीत मानधन वाढलं, पात्रता आणि अनुभव धरून सव्वीस ते बत्तीस हजार. पण त्याबरोबर आठवड्याचे तास आठ-दहावरून पंधरा केले, म्हणजे तितक्याच तासांना माणसं कमी पुरायला लागली आणि कित्येकांचा नंबरच लागला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात हे लोक कायम करा म्हणून संपावर बसले. त्यांच्या मागणीचं काय करायचं ते सरकार बघेल, माझा मुद्दा वेगळा आहे. वर्गात शिकवणारे निम्मेशिम्मे लोक असे, आणि अभ्यास मंडळात, विद्या परिषदेत त्यांना जागा नाही. ज्याच्या हातात खडू आहे त्याला तोंड नाही. बँकेत आम्ही रोजंदारीवरच्या माणसाला कॅशची किल्ली देत नव्हतो. इथे पोरांचं आयुष्य दिलंय आणि वर विचारतोय, सल्ला का देत नाही?

बरं, कायम प्राध्यापक आहेत त्यांचं तरी काय? चार वर्षांत अभ्यासक्रम दोनदा मुळापासून बदलला. दोन्ही वेळा वरून हुकूम, खाली धावपळ. अभ्यास मंडळानं बसून वाद घालावा, आमच्या भागातल्या पोरांना काय झेपतं, कुठला विषय हवा हे सांगावं, याला वेळच ठेवला नाही. मंडळं नेमली जातात ती बहुतेक कुलगुरूंच्या सहीनं. कुलगुरू नेमतात राज्यपाल, सरकारच्या संमतीनं. सिंडिकेटवर सरकारनं आणि कुलपतींनी नेमलेली माणसं. १९७६ च्या कायद्यात सिनेट नावाची मोठी सभा होती. २००० च्या कायद्यात ती काढून टाकली. म्हणजे उभ्या विद्यापीठात ‘हे चुकतंय’ असं उभं राहून म्हणायची जागा उरली नाही. ज्याला नेमलंय तो नेमणाऱ्याकडे बघून बोलणार, हा मनुष्यस्वभाव आहे, त्यात कानडी-मराठी काही नाही.

यावर एक उत्तर मला ठरलेलं मिळतं. ‘बरं झालं सिनेट गेली. निवडणूक आली की राजकारण आलं.’ हे म्हणणारे लोक हुशार असतात म्हणून जास्त राग येतो. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं अधिसभा ठेवली, प्राध्यापक, प्राचार्य, नोंदणीकृत पदवीधर निवडून जातात. तिथेही सगळं आलबेल नाही. मुंबई विद्यापीठाची पदवीधरांची निवडणूक किती लांबली, २०२४ च्या सप्टेंबरात कशीबशी झाली, हे आपण पेपरात वाचलं. राजकारण होतं ते दिसलं तरी! मतदारयादी, तारखा, कोर्ट, सगळं उघड्यावर. आपल्याकडे राजकारण नाही असं कोणाला वाटतं का? ते आहेच, फक्त आतल्या खोलीत, दार लावून. मला उघड्यावरचं भांडण केव्हाही चालेल, त्यात निदान कोण कुठे बसलाय ते कळतं.

बँकेतलाच दाखला देतो. राष्ट्रीयीकरण झाल्यावर कायद्यानं सरकारी बँकांच्या संचालक मंडळावर एक कामगारांचा आणि एक अधिकाऱ्यांचा प्रतिनिधी ठेवला. दोन माणसं काय करणार, असं तेव्हाही म्हणायचे. पण काउंटरवर काय जळतंय ते थेट वर सांगणारं कोणीतरी टेबलाला होतं. पुढे त्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या गेल्या. कायदा जागेवर, खुर्ची रिकामी. कायदा मोडायचीसुद्धा गरज पडत नाही, फक्त नेमणूक करायची नाही. विद्यापीठांतही हेच तंत्र आहे, आणि मला ते लांबून ओळखू येतं.

सध्या बंगळूरला वेगळंच भांडण चाललंय. कुलपती राज्यपाल असावेत की मुख्यमंत्री, आणि कुलगुरू निवडताना यूजीसीचं ऐकायचं की राज्याचं. २०२५ च्या जानेवारीत यूजीसीनं नियमांचा मसुदा काढला तेव्हापासून जास्तच. दोघंही ‘स्वायत्तता’ म्हणतात. पण दोघांच्याही तोंडी शिक्षक नाही, विद्यार्थी तर नाहीच. दोन सावकार एका गहाण शेतासाठी भांडावेत आणि कूळ बांधावर उभं राहून बघत राहावं, तसं चाललंय.

सल्ला देणारा माणूस नसला की आपल्या सीमेवरच्या पोराचं दुप्पट नुकसान होतं, हे तरी नीट समजून घ्या. आपल्या पोराला दोन दारं आहेत. एक कर्नाटकातलं: ९८ व्या घटनादुरुस्तीनं ३७१ (जे) आलं, २०१३ पासून आपल्या भागातल्या संस्थांत ७० टक्के जागा आणि राज्यभरातल्या संस्थांत ८ टक्के जागा आपल्या भागातल्या मुलांसाठी. त्यासाठी वेळेवर काढलेला दाखला लागतो. शिवाय इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशाला पहिली ते बारावीत सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं, आणि दहावी किंवा बारावी इथून झालेली लागते. दुसरं दार महाराष्ट्रातलं: ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, त्या सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना तिथल्या तांत्रिक प्रवेशांत ‘ई’ प्रकाराखाली धरतात. त्यालाही वेगळा दाखला. किती घरांना हे माहीत आहे? पोरगं दहावीनंतर उठून लातूरला जातं, बाप फी भरतो, आणि कुठला कागद कुठे लागेल हे सांगणारा माणूस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा. मी त्या मुलाला नावं ठेवत नाही. कॉलेजच्या खिडकीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. पण सार्वजनिक पैशावर चालणारं विद्यापीठ आपलं काम झेरॉक्सवाल्यावर सोडून मोकळं होतं, हे कसं चालतं हो आपल्याला?

‘आता सगळं ऑनलाइन आहे की’, हेही ऐकतो. आहे ना. यूयूसीएमएस नावाचं पोर्टल आहे, प्रवेशापासून मार्कशीटपर्यंत सगळं त्यात. आम्हीही बँकेत कॉम्प्युटर आणले, मी विरोधातला नाही. पण मशीन हिशेब ठेवतं, ‘तुझ्यासाठी यातलं कुठलं बरं’ हे सांगत नाही. आणि चूक झाली तर? पूर्वी औरादच्या पोराला मार्कशीटवरचं आडनाव दुरुस्त करायला दीडशेवर किलोमीटर कलबुर्गीला जावं लागायचं. आता जावं लागत नाही, कारण कुठे जायचं तेच कोणाला सांगता येत नाही.

दाद मागायची सोय कागदावर आहे, बरं का. यूजीसीचे २०२३ चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिनं पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि त्यावर विद्यापीठाचा लोकपाल. बँकेत १९९५ ला ओम्बड्समन आला तेव्हा आम्हा अधिकाऱ्यांना केवढा जाच वाटला होता! पण खरं सांगतो, शाखेत भिंतीवर त्याचं नाव-पत्ता लागला त्या दिवसापासून काउंटरवरची भाषा बदलली. कोणी तक्रार करो न करो. मी ज्या कॉलेजात गेलो होतो तिथे सगळ्या भिंती फिरलो. पुढाऱ्यांचे वाढदिवस होते, लोकपालाचं नाव नव्हतं.

आता थोडं आपल्याबद्दल. २०२५ च्या फेब्रुवारीत मंत्रिमंडळाच्या उपसमितीनं नवीन विद्यापीठांपैकी नऊ बंद करायचं मनावर घेतलं. दहातलं एक राखलं, ते आपलं बीदरचं, कारण त्याला जोडलेली कॉलेजं पुष्कळ. मोठी गोष्ट होती. आपल्या किती लोकांनी त्यावर एक ओळ लिहिली? त्याच आठवड्यात आपल्यात चर्चा चालली होती ती बीदरच्या किल्ल्यात सूर्यास्ताचे फोटो कुठून चांगले येतात याची. महमूद गवाननं १४७२ साली मदरसा बांधला, हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून दाखवतो. बसवकल्याणला अनुभव मंटपात बाराव्या शतकात चांभारापासून ब्राह्मणापर्यंत सगळे एका बैठकीत बसून वाद घालत, हेही दाखवतो. पाचशे आणि नऊशे वर्षांपूर्वीच्या सभेचा एवढा अभिमान, आणि आजच्या सभेत कोण बसतो हे आपल्याला माहीत नाही.

सीमाप्रश्न मी विसरलो नाही. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, लागेल तेव्हा लागेल, ज्याचं जे मत असेल ते असो. पण तोवर इथलं काहीच आपलं नाही म्हणून हात झटकणं हा शुद्ध आळस आहे, त्याला अस्मितेचं नाव देऊ नका. मराठीचा अभ्यासक्रम कोण ठरवतो, गुलबर्गा विद्यापीठातल्या मराठी विभागात किती पोरं येतात, डिग्रीला मराठी घ्यायचं म्हटलं तर शिकवायला कोण आहे, हे विचारायला बंदी कोणी केलीय? कानडी शेजारी विचारत नाहीत असंही नाही. त्यांची पोरं त्याच खिडकीवर त्याच रांगेत उभी असतात, त्यांनाही ‘नाळे बन्नी’च ऐकावं लागतं. या भांडणात ते आपल्या बाजूचे आहेत, हे मला त्या कॉलेजातच कळलं. मुलीच्या मागे उभा असलेला बाप कानडी होता आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता.

तर मी एक काम केलंय. माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय, कन्नडमध्ये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द असा नियम आहे, त्यामुळे तीन वेगळे अर्ज करावे लागले. पहिल्यात लोकपालाचं नाव, नेमणुकीची तारीख, आजवर किती तक्रारी आल्या आणि किती निकालात निघाल्या. दुसऱ्यात वाणिज्य आणि मराठी या दोन अभ्यास मंडळांचे सदस्य कोण, गेल्या तीन वर्षांत बैठका किती, हजर कोण होते, अतिथी उपन्यासकांपैकी कोणाला बोलावलं का. तिसऱ्यात चौथ्या वर्षाबद्दलचं सर्क्युलर विद्यापीठातून कुठल्या तारखेला निघालं आणि कॉलेजांना कुठल्या तारखेला पोचलं. प्रत्येकाला दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. बीदर आणि गुलबर्गा, दोन्ही विद्यापीठांना पाठवायचे म्हणजे सहा अर्ज.

एकट्यानं पाठवले तर एका म्हाताऱ्याची खाज म्हणून फायलीत जातील. म्हणून भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, बीदर आणि आळंद, प्रत्येक तालुक्यातून एकेक जण हवा, ज्याच्या स्वतःच्या नावानं अर्ज जाईल. कन्नड येत नसेल तर हरकत नाही, सही मराठीत चालते. पोस्टल ऑर्डरीचे पैसे मी भरतो. खाली तालुक्याचं नाव लिहा, मसुदा पाठवून देतो. दहा जुलैच्या आत सगळे एकदम टपालात टाकू, रजिस्टर्ड, पोचपावतीसह.